ट्रॅक्टरच्या मागची तीन टोकं : हॅरी फर्ग्युसन यांची गोष्ट

आज सवड मिळाली की आपल्या किंवा शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरच्या मागे जाऊन जरा उभे राहा. कंपनी कुठलीही असो, रंग लाल असो, निळा असो की हिरवा, मागच्या अंगाला तुम्हाला तीन टोकं दिसतील. खाली डावीकडे आणि उजवीकडे दोन आर्म, आणि मधोमध वरती टॉप लिंक. नांगर, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, रिजर, काहीही असू द्या, ते या तीन टोकांवर चढतं. तीन पिना घातल्या की औत ट्रॅक्टरचं झालं. लिव्हर मागे घेतला की वर, पुढे सोडला की खाली.

हे सगळं आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की ट्रॅक्टर म्हटला म्हणजे तो असाच असायचा, असं वाटतं. पण तसं नव्हतं. ही तीन टोकं एका माणसाच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या बऱ्याच वर्षांच्या खटपटीतून आली. त्या माणसाचं नाव हॅरी फर्ग्युसन. मॅसी फर्ग्युसन या नावातला दुसरा शब्द तो हाच. पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज मात्र याच्या नावाचं नव्हे बरं का. ते मुंबईचे गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या नावाचं. आपला फर्ग्युसन शेतकऱ्याच्या घरातला.

शेतीला कंटाळलेला मुलगा

हॅरीचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ चा. आयर्लंडच्या उत्तर भागात, डाऊन परगण्यात, ड्रोमोर गावाजवळ ग्रोवेल म्हणून वस्ती आहे, तिथे त्याच्या वडिलांची शेती होती. अकरा भावंडांत हा चौथा. वडील कडक शिस्तीचे आणि धर्माला फार धरून चालणारे. चौदाव्या वर्षी हॅरीची शाळा सुटली आणि तो घरच्या शेतीत राबू लागला. पण घोड्यांच्या मागे दिवसभर ढेकळं तुडवण्यात त्याचं मन रमेना. कॅनडाला निघून जायचं, इथपर्यंत बेत झाला होता. तेवढ्यात १९०२ मध्ये थोरल्या भावाने त्याला बेलफास्ट शहरातल्या आपल्या सायकल-मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात हाताखाली घेतलं.

तिथे मात्र पोराचा हात बसला. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दोष काढण्यात तो तरबेज झाला. मोटारसायकलच्या शर्यती खेळला. राइट बंधूंनी १९०३ मध्ये विमान उडवल्याची बातमी आली होतीच. हॅरीने स्वतः विमान बांधलं आणि ३१ डिसेंबर १९०९ रोजी हिल्सबरो इथे सुमारे १३० यार्ड उडवून दाखवलं. आयर्लंडच्या भूमीवर विमान उडवणारा हा पहिला माणूस. पुढच्या वर्षी न्यूकॅसल गावच्या समुद्रकाठावर तो तीनेक मैल उडाला आणि १०० पौंडांचं बक्षीस घेतलं.

१९११ मध्ये फर्ग्युसन यांनी बेलफास्टमध्ये स्वतःचं गॅरेज काढलं. पुढे अमेरिकेतून येणारे ओव्हरटाइम नावाचे ट्रॅक्टरही ते विकू लागले. त्यांच्याकडे विली सँड्स नावाचा एक मेकॅनिक होता. फर्ग्युसन यांनी कल्पना मांडायची आणि सँड्स यांनी ती लोखंडात उतरवायची, अशी ही जोडी. नाव मालकाचं झालं, पण सँड्स यांचा वाटा विसरून चालणार नाही.

ट्रॅक्टर उलटायचा, माणूस दगावायचा

१९१७ साल. पहिलं महायुद्ध चाललेलं. जर्मन पाणबुड्या धान्याची जहाजं बुडवत होत्या, त्यामुळे ब्रिटनमध्ये अन्नाची ओढाताण सुरू झाली. जास्तीत जास्त जमीन नांगराखाली आणायची होती. आयर्लंडच्या शेती खात्याने फर्ग्युसन यांच्यावर काम सोपवलं की गावोगाव फिरा, ट्रॅक्टर कसे चालतात ते बघा आणि त्यांचं काम सुधारा. फर्ग्युसन आणि सँड्स बांधाबांधावर फिरले.

त्यांना काय दिसलं? ट्रॅक्टर होता, पण नांगर त्याच्यामागे गाडा ओढावा तसा ओढला जायचा. नांगराला स्वतःची चाकं, स्वतःचे लिव्हर. वळताना भलीमोठी जागा लागायची, कोपरे तसेच पडीक राहायचे. चाकं जमीन धरत नाहीत म्हणून ट्रॅक्टर आणखी वजनदार करायचा, आणि वजन वाढलं की तोच ट्रॅक्टर रान दाबून दगडासारखं करायचा.

त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. त्याच वर्षी फोर्ड कंपनीचा फोर्डसन ट्रॅक्टर बाजारात आला. स्वस्त आणि हलका, म्हणून झपाट्याने पसरला. पण मागचा नांगर दगडाला किंवा मुळाला अडकला की मागची चाकं जागेवर थांबायची, इंजिनाचा जोर मात्र चालूच. मग ट्रॅक्टरचं तोंड वर उठायचं आणि तो मागच्या आसाभोवती फिरून चालकाच्या अंगावर उलटायचा. क्षणाचा खेळ. उडी मारायलाही वेळ मिळायचा नाही. कित्येक चालक असे दगावले.

फर्ग्युसन यांनी इथे एक गोष्ट ओळखली. दोष एकट्या ट्रॅक्टरमध्येही नाही आणि एकट्या नांगरातही नाही, दोष जोडणीत आहे. दोन्ही मिळून एकच यंत्र झालं पाहिजे. त्यांनी १९१७ मध्येच बिनचाकांचा हलका नांगर तयार केला, तो बेलफास्ट नांगर म्हणून ओळखला गेला. पुढे फोर्डसनसाठी वर एक आणि खाली एक अशा दोन दांड्यांची जोडणी केली. नांगर अडकला की वरची दांडी ट्रॅक्टरला पुढे रेटायची, त्यामुळे तोंड उचलायचं नाही. १९२५ मध्ये शर्मन बंधूंबरोबर भागीदारी करून अमेरिकेत इव्हान्सव्हिल इथे त्यांनी या नांगरांचा धंदा सुरू केला. पण १९२८ मध्ये फोर्डने अमेरिकेतलं फोर्डसनचं उत्पादन थांबवलं आणि हा धंदा अधांतरी लटकला.

रुमण्यावरचा हात लोखंडाला दिला

उलटण्याचा प्रश्न बराचसा सुटला, पण खोलीचा प्रश्न राहिला होता. तो आपल्या बैलांच्या नांगरावरून नीट समजतो. रुमणं धरून चालणारा जाणता नांगऱ्या काय करतो? रान कठीण लागलं, बैल अडू लागले की तो हात किंचित उचलतो, रान मऊ लागलं की दाबतो. हे सगळं तो न बोलता, चालता चालता करतो. फर्ग्युसन यांनी हाच हात ट्रॅक्टरला दिला, तो हायड्रोलिकच्या रूपाने. त्याचं पेटंट १९२६ मध्ये मिळालं.

त्याचं काम असं चालतं. जमिनीत घुसलेला फाळ मागे ओढला जातो, तेव्हा नांगराचा वरचा भाग पुढे झुकू पाहतो आणि टॉप लिंक दाबली जाते. त्या दाबाने एक स्प्रिंग दबते, स्प्रिंगमुळे तेलाचा व्हॉल्व्ह हलतो, आणि लिफ्ट नांगराला थोडं वर उचलते. रान मऊ लागलं की स्प्रिंग सैल होते, नांगर पुन्हा खाली जातो. यात दुहेरी फायदा आहे. नांगर उचलू पाहताना त्याचं आणि त्यावरच्या मातीचं वजन मागच्या चाकांवर येतं. म्हणजे जेव्हा पकड हवी नेमकं तेव्हाच वजन मिळतं, आणि ते अंगावर कायमचं वागवावंही लागत नाही. हलका ट्रॅक्टर भारी काम करतो तो असा.

एकुलता एक काळा ट्रॅक्टर

ही जोडणी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला लावून भागेना, म्हणून १९३३ मध्ये फर्ग्युसन यांनी स्वतःचा ट्रॅक्टर बांधला. तो एकच बांधला आणि त्याला काळा रंग दिला. जगातल्या आगळ्यावेगळ्या जुन्या ट्रॅक्टरांची यादी कुणीही केली तरी हा त्यात येणारच. तो आता लंडनच्या विज्ञान संग्रहालयाच्या ताब्यात आहे.

त्यावरून डेव्हिड ब्राऊन यांच्या कारखान्यात १९३६ पासून फर्ग्युसन-ब्राऊन ट्रॅक्टर निघू लागला. यंत्र उत्तम, पण किंमत २२४ पौंड. फोर्डसन त्यापेक्षा बराच स्वस्त. शिवाय घरातली जुनी औतं या ट्रॅक्टरला चालत नसत, सगळी नवी घ्यावी लागत. शेतकऱ्याने हात आखडता घेतला यात नवल नाही. जेमतेम १,३५० ट्रॅक्टर तयार झाले. ब्राऊन यांना मोठा ट्रॅक्टर हवा होता, फर्ग्युसन यांना लहानच. भागीदारीत ओढाताण सुरू झाली.

टेबलावरचं चावीचं खेळणं

ऑक्टोबर १९३८ मध्ये फर्ग्युसन यांनी आपला एक ट्रॅक्टर जहाजावर चढवला आणि ते अमेरिकेत डिअरबॉर्न इथे मोटारसम्राट हेन्री फोर्ड यांच्या दारात गेले. फोर्डही शेतकऱ्याचेच पुत्र, आणि ट्रॅक्टर हा त्यांच्या मनातला अपुरा राहिलेला विषय. आधी शेतात प्रात्यक्षिक झालं. मग बाहेर टेबल मांडलं गेलं आणि फर्ग्युसन यांनी चावीवर चालणारं ट्रॅक्टर-नांगराचं छोटं मॉडेल काढून त्यावर ठेवलं. नांगर अडकला तर जुन्या पद्धतीत काय होतं आणि आपल्या जोडणीत काय होतं, हे त्यांनी त्या खेळण्यावर करून दाखवलं. ज्याने लाखो ट्रॅक्टर विकले होते त्याला टेबलावरच्या खेळण्याने मुद्दा पटला.

तिथेच हातात हात देऊन करार झाला. फोर्ड यांनी ट्रॅक्टर बनवायचा, फर्ग्युसन यांनी आपली जोडणी द्यायची आणि विक्री बघायची. कागद नाही, वकील नाही. जून १९३९ मध्ये फोर्ड-फर्ग्युसन ९-एन बाजारात आला. दुसऱ्या महायुद्धात रबर आणि तांब्याची टंचाई झाली, तेव्हा १९४२ मध्ये त्याचाच २-एन निघाला. त्यातले काही लोखंडी चाकांचे आणि बॅटरीशिवाय, हँडल मारून सुरू करायचे. जुने ट्रॅक्टर जमवणारे लोक आज असेच नग शोधत फिरतात. १९४७ पर्यंत दोन्ही मिळून तीन लाखांहून जास्त ट्रॅक्टर तयार झाले.

तोंडी व्यवहाराचं पुढे काय होतं, हे आपल्या गावात तलाठी आणि सरपंचांना वेगळं सांगायला नको. माणसं आहेत तोवर शब्द चालतो. म्हाताऱ्या फोर्ड यांच्या हातून कारभार नातवाकडे गेला. नातवाने हिशेब पाहिला, तर ट्रॅक्टरच्या धंद्यात कंपनीला तोटा. त्याने करार मोडला आणि जुलै १९४७ मध्ये तीच जोडणी असलेला ८-एन स्वतःच्या नावाने काढला. फर्ग्युसन कोर्टात गेले. जानेवारी १९४८ मध्ये २५ कोटी १० लाख डॉलरचा दावा लावला. चार वर्षं कागदांचे ढीग झाले आणि एप्रिल १९५२ मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. पेटंटचा हक्क शाबूत राहिला, पण फर्ग्युसन यांच्या आयुष्यातली उमेदीची वर्षं त्यात गेली. शेत ठोक्याने द्या, बटईने द्या की भागीदारीत बोअर घ्या, चार ओळी लिहून दोघांनी सह्या केलेल्या बऱ्या. त्यात अविश्वास नाही, पुढच्या पिढीची सोय आहे.

करडा ट्रॅक्टर आणि एकच पाना

खटला चालू असतानाच इंग्लंडमध्ये त्यांचं सगळ्यात मोठं काम उभं राहिलं. कॉव्हेन्ट्री शहरात स्टँडर्ड मोटर कंपनीच्या कारखान्यात १९४६ पासून टी.ई.-२० हा ट्रॅक्टर निघू लागला. रंग करडा, आकार लहान. १९५६ पर्यंत असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बाहेर पडले. लहान शेतकऱ्यालाही यंत्र परवडलं पाहिजे आणि घोड्यांच्या चाऱ्यात जाणारी जमीन माणसाच्या अन्नासाठी मोकळी झाली पाहिजे, असं फर्ग्युसन यांचं मत होतं.

या ट्रॅक्टरबरोबर एक पाना मिळायचा. ट्रॅक्टरच्या आणि औतांच्या रोजच्या जोडणीला तोच पाना पुरायचा. त्याच्या दांड्यावर इंचांच्या खुणा होत्या, म्हणजे औत लावताना मोजपट्टीही तीच. शेतात उभं राहून विचार केल्याशिवाय अशी वस्तू सुचत नाही. नुसता ट्रॅक्टर विकून ते थांबले नाहीत. कॉव्हेन्ट्रीजवळ स्टोनले इथे शाळा काढून विक्रेत्यांना आणि शेतकऱ्यांना औतं जोडायला, लिफ्ट वापरायला शिकवलं.

हा लहानसा ट्रॅक्टर कुठवर गेला पाहा. तेनसिंग यांच्याबरोबर १९५३ मध्ये एव्हरेस्ट चढलेले एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले, ते तीन फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊन. बर्फासाठी त्यांना चाकांवर पट्टे चढवले होते. जमिनीवरून ध्रुवापर्यंत गेलेली ही पहिली मोटार वाहनं.

आणि मॉडेल? ते इथेही आलंच. १९४९ मध्ये फर्ग्युसन यांच्या विक्रेत्यांसाठी एअरफिक्स या इंग्लिश खेळणी कंपनीने टी.ई.-२० चं प्लॅस्टिकचं मॉडेल केलं. प्रमाण एकास वीस, म्हणजे साडेनऊ फुटी ट्रॅक्टर पावणेसहा इंचांत, वीतभरही नाही. पुढे तेच सुट्या भागांच्या रूपात मुलांसाठी दुकानात विकलं गेलं. विमानं आणि जहाजांची जोडायची मॉडेलं विकून एअरफिक्स पुढे जगभर गाजली, पण तिची सुरुवात या ट्रॅक्टरपासून झाली. ते जुनं प्लॅस्टिक काळाने वेडंवाकडं होतं, म्हणून धड राहिलेला नग मिळणं अवघड. आता या ट्रॅक्टरची धातूची, एकास सोळा प्रमाणातली मॉडेलंही मिळतात. जमवणारे लोक त्यात लिफ्ट, आर्म, टॉप लिंक बरोबर आहे ना, हे आधी बघतात.

अखेर

१९५३ मध्ये फर्ग्युसन यांनी आपली कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीत विलीन केली. किंमत एक कोटी साठ लाख डॉलर की एक कोटी सत्तर, यावर अडलं, तर त्यांनी नाणं उडवून ठरवायला सांगितलं. नाणं त्यांच्या विरुद्ध पडलं. दहा लाख डॉलर गेले, ते त्यांनी निमूट सोडले. वर्षभरात नव्या मंडळींशी पटेनासं झालं आणि ते बाहेर पडले. मॅसी फर्ग्युसन हे नाव १९५८ मध्ये रूढ झालं, तेव्हा ते त्या कंपनीत नव्हते.

शेवटची वर्षं सुखाची गेली नाहीत. झोप न येणं आणि मनाची उदासी यांनी त्यांना ग्रासलं होतं. २५ ऑक्टोबर १९६० रोजी इंग्लंडमधल्या राहत्या घरी झोपेच्या औषधाची मात्रा जास्त होऊन ते गेले. चुकून की जाणून, हे चौकशीतही ठरलं नाही. पैसा, कीर्ती सगळं असलेल्या माणसालाही मनाचा आजार चुकत नाही. घरात कुणी असं गप्प गप्प दिसलं, तर त्याला डॉक्टरकडे न्यायला लाजू नये. उत्तर आयर्लंडच्या वीस पौंडांच्या नोटेवर पुढे त्यांचा चेहरा आला.

त्याच १९६० मध्ये मद्रासला टॅफे कंपनी स्थापन झाली आणि मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर आपल्या देशात तयार होऊ लागले. आपल्याकडच्या कित्येक वाड्यांपुढे उभा असलेला १०३५ हा त्या करड्या ट्रॅक्टरच्या पुढच्या पिढीतला. पण नाव सोडा, आज कुठल्याही कंपनीच्या ट्रॅक्टरमागे जोडणी तीच आहे.

आपण काय करायचं?

आता कामाचं. आपल्या ट्रॅक्टरच्या सीटजवळ लिफ्टचे दोन लिव्हर असतात, पोझिशनचा आणि ड्राफ्टचा. रोटाव्हेटर, पेरणी यंत्र यांना पोझिशन. नांगर आणि जमिनीत खोल ओढणाऱ्या औतांना ड्राफ्ट. पुष्कळ ठिकाणी ड्राफ्टच्या लिव्हरला वर्षानुवर्षं हात लागलेला नसतो. मग चाकं घसरतात, डिझेल जळतं, आणि चालक पुढे-मागे दगड बांधून वजन वाढवतो. शंभर वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न आपण पुन्हा विकत घेतो. या खरिपाआधी मेकॅनिककडून तो लिव्हर चालतो का ते बघून घ्या आणि नांगरटीला वापरून पाहा.

दुसरी गोष्ट जिवाची. चिखलात रुतलेली ट्रॉली, उसाची गाडी किंवा झाडाचा बुंधा ओढताना साखळी टॉप लिंकच्या जागी किंवा मागच्या आसाला कधीही बांधू नका. साखळी नेहमी खालच्या हुकाला. आसाच्या वरून ओढलं की ट्रॅक्टर तसाच उलटतो, जसा तो १९१७ मध्ये उलटत होता. फर्ग्युसन यांची जोडणी नांगरासाठी आहे, साखळीला ती काही करू शकत नाही. आपला ट्रॅक्टर खड्ड्यात रुतला असेल, तर शक्यतो मागे घेऊन काढा.

हे पोरांना तोंडी सांगून पटत नाही. तेव्हा जत्रेतून आणलेला खेळण्यातला ट्रॅक्टर घ्या. मागची चाकं दोऱ्याने आवळून फिरेनाशी करा. एक सुतळी सीटजवळ बांधून मागे ओढा, पुढची चाकं लगेच उचलतील. मग तीच सुतळी खाली, आसाच्या खालच्या बाजूला बांधून तेवढ्याच जोराने ओढा आणि फरक बघा. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, शाळेत, बचत गटाच्या बैठकीत कुठेही पाच मिनिटांत होणारं हे काम आहे. गावात नव्याने ट्रॅक्टरवर बसणाऱ्या प्रत्येक मुलाला ते एकदा दाखवा, आणि मगच त्याच्या हातात किल्ली द्या.